हेडफोन लावून ऐकलेली मायबोली

कझाकस्तानातल्या अल्माटी शहरात कझाक आणि रशियन भाषेतली मोठी नाट्यगृहे आहेतच, पण त्याशिवाय तीन छोट्या समाजांची स्वतःची, सरकारमान्य नाट्यगृहेही आहेत. एक उइगुरांचे, एक जर्मनांचे आणि एक कोरियनांचे. कोरियन समाज तिथे जेमतेम लाख-सव्वा लाखाचा. त्यांचे नाटक 1932 पासून चालू आहे. विशेष म्हणजे ज्या भाषेत हे नाटक होते, ती भाषा घरात बोलणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. भाषा घरातून गेली आणि रंगमंचावर राहिली. आम्हा मराठी मुसलमानांच्या भाषेचा प्रश्न वेगळा आहे, पण अगदीच परका नाही. म्हणून हे चार शब्द.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवरा-बायको. मुलगी अल्माटीला डॉक्टरकी शिकते. महाराष्ट्रातली बरीच मुले-मुली तिथे शिकतात. तिच्यासाठी आमच्या दोन खेपा झाल्या, दोन्ही वेळा महिनाभराचा मुक्काम. ज्या घरात आम्ही खोली घेतली, त्या घराची मालकीण ऐंशीच्या घरातली कोरियन बाई. शेजारची कझाक मुले तिला ‘अपा’ म्हणत. कझाक भाषेत वडीलधाऱ्या बाईला अपा म्हणतात. आमच्या घरी आपा म्हणजे थोरली बहीण. नाते थोडे इकडेतिकडे झाले, पण हाक तीच राहिली. आम्हीही तिला अपाच म्हणू लागलो. ती रशियन बोले, मुलगी आमच्यासाठी मराठी करी.

ही कोरियन माणसे कझाकस्तानात आली कशी, हे आधी सांगायला हवे. 1860 नंतर दुष्काळ आणि गरिबीने गांजलेली कुटुंबे कोरियाची सरहद्द ओलांडून रशियाच्या अतिपूर्व भागात जाऊ लागली. पुढे 1910 साली जपानने कोरिया गिळला, तेव्हा आणखी लोक गेले. व्लादिवोस्तोकच्या परिसरात त्यांच्या शाळा, वर्तमानपत्र, नाटक असे सारे उभे राहिले. मग 21 ऑगस्ट 1937 रोजी स्टालिन आणि मोलोतोव यांच्या सहीचा हुकूम निघाला. जपानचे हेर या भागात शिरतात, म्हणून सगळे कोरियन हलवा. जपानच्या जाचातून सुटून आलेल्या माणसांवरच जपानच्या हेरगिरीचा संशय! असा संशय अख्ख्या जमातीवर आला की काय होते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. सुमारे 1 लाख 72 हजार माणसे मालगाड्यांत भरून हजारो किलोमीटर दूर कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात आणून सोडली. लेखक, पुढारी, अधिकारी आधीच पकडले गेले होते. या समाजाच्या साहित्याचा पाया घालणारे लेखक चो म्योंग-ही यांना 1938 साली गोळी घालण्यात आली.

उश्तोबे गावाजवळ बास्तोबे नावाची टेकडी आहे. तिथे पहिला हिवाळा लोकांनी जमिनीत खड्डे खणून, वर गवत-माती टाकून काढला. अपाचा जन्म त्यानंतरचा. पण आईने सांगितलेले तिला पाठ होते. कझाक बायका नान आणून देत. स्वतः कझाक लोक तेव्हा नुकत्याच पडलेल्या भयंकर दुष्काळातून उठले होते, त्यांच्याच घरात धान्य नव्हते. तरी त्यांनी भाकरी मोडून दिली. “ते मुसलमान होते, आम्ही कोण होतो ते त्यांना ठाऊकही नव्हते,” अपा म्हणाली. या वाक्याचे मराठी करताना मुलगी थोडी थांबली, हे आम्हाला आठवते.

मालगाड्यांतून नाटक मंडळीही आली. मंडळी विभागली गेली. काही उझबेकिस्तानात पोचले, बाकीचे किझिलओर्दा या गावी. 1942 साली नाटक उश्तोबेला हलले, 1959 साली परत किझिलओर्दाला आणि 1968 साली अल्माटीला. 1938 सालीच कोरियन शाळांतले शिक्षण रशियन भाषेत सुरू झाले होते. शाळा गेली, पण नाटक राहिले. मंडळी सामूहिक शेतीवरच्या वस्त्यांतून फिरत. दिवसभर भाताच्या खाचरात राबलेले लोक रात्री नाटकाला बसत. जी भाषा मुलाला शाळेत मिळत नव्हती, ती तिकीट काढून ऐकायला मिळे.

या नाट्यगृहाची एक हकीकत आम्हाला विसरता येत नाही. होंग बॉम-दो हा कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातला नामांकित सेनानी. 1920 साली मांचुरियात त्याने जपानी फौजेला धूळ चारली होती. 1937 साली तोही इतरांबरोबर गाडीत भरला गेला आणि किझिलओर्दाला येऊन पडला. म्हातारपणी त्याला काम मिळाले ते कोरियन नाट्यगृहाच्या पहारेकऱ्याचे. थे जांग-चुन या नाटककाराने त्याच्याच आयुष्यावर नाटक लिहिले आणि 1942 साली ते रंगमंचावर आले. ज्या मंडळीच्या दारावर पहारा केला, त्याच मंडळीने त्याला नायक करून उभे केले. पुढच्याच वर्षी, 1943 साली, तो तिथेच वारला. ऑगस्ट 2021 मध्ये त्याच्या अस्थी दक्षिण कोरियात नेऊन सन्मानाने दफन केल्या.

आम्हाला बहादुरशाह जफर आठवला. तो अजून रंगूनच्या मातीतच आहे. होंग बॉम-दो गेला, याचा आनंद मानायचा की दुःख, असे आम्ही अपाला विचारले. ती म्हणाली, “तो घरी गेला, बरे झाले. पण आमच्याकडे 78 वर्षे होता. पाहुणा इतके दिवस राहत नाही.”

आता नाटकाविषयी. आम्ही पाहिले ते चुनह्यांगचे. ही कोरियाची घराघरांत ठाऊक असलेली जुनी कथा. या मंडळीने ती पहिल्यांदा 1935 साली, व्लादिवोस्तोकला असतानाच केली होती. नाचगाणे करणाऱ्या बाईची मुलगी चुनह्यांग मोठ्या घरातल्या तरुणाशी गुपचूप लग्न करते. तो राजधानीला जातो. मागे नवा हाकीम येतो आणि तिची मागणी करतो. ती नकार देते, फटके खाते, तुरुंगात पडते. शेवटी नवरा भिकाऱ्याच्या वेषात येतो, पण असतो तो राजाने गुपचूप पाठवलेला तपासनीस. तमाशाच्या वगाला शोभावी अशी गोष्ट! हाकिमाच्या दरबारातली थट्टामस्करी पाहताना आम्हाला आमच्याकडचा वग आणि त्यातला सोंगाड्या डोळ्यांसमोर दिसत होता.

प्रवेशद्वारापाशी हेडफोन मिळतात. नाटक कोरियनमध्ये, कानात रशियन. आम्हाला रशियनही येत नाही, म्हणून मुलगी हेडफोन लावून आमच्या कानात मराठी कुजबुजत होती. आम्ही आजूबाजूला पाहिले. तरुण मुले, त्यांचे आईबाप, सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. अपासारख्या चार-दोन म्हाताऱ्या बायका तेवढ्या बिनहेडफोनच्या. गंमत अशी की विनोदाला त्या आधी हसत आणि बाकीचे सभागृह दोन क्षणांनी हसे. त्या दोन क्षणांत एका भाषेचा सगळा प्रवास आम्हाला ऐकू आला. कानात मराठी पोचेपर्यंत आमचे हसू तर सगळ्यांच्या शेवटी येई.

मग हे लोक येतात कशाला, असा प्रश्न आम्ही मध्यंतरात मुलीमार्फत शेजारच्या एका गृहस्थांना विचारला. ते इंजिनियर होते, कोरियन शब्द त्यांना मोजके येत. ते म्हणाले, “आजी यायची, आई यायची, म्हणून आम्ही येतो. समजत नाही, पण ओळखू येते.” मुलीने हे मराठीत सांगितले आणि आम्ही गप्प झालो. कुराण शरीफची तिलावत ऐकताना अरबी न समजणारा आमचा माणूस तरी दुसरे काय सांगेल?

भाषा जिथे टिकली नाही, तिथे चूल टिकली. अल्माटीच्या हिरव्या बाजारात कोरियन बायकांची एक रांगच आहे. पुढ्यात कोशिंबिरींचे डोंगर. त्यात गाजराची ‘मोर्कोवचा’ सर्वांत खपणारी. कोरियात किमची कोबीची करतात. इथे आल्यावर तसला कोबी मिळेना, तेव्हा बायकांनी गाजर बारीक लांबट चिरून त्यावर लसूण, तिखट, धने, सिरका घातला आणि वरून कडकडीत तेल ओतले. चक्क फोडणीच! हा पदार्थ कोरियातल्या कोरियनांचा नाही. तो हद्दपारीत जन्मला. आज सोव्हिएत संघातून फुटलेल्या सगळ्या देशांत लोक तो ‘कोरियन गाजर’ म्हणून खातात. कुक्सी हे थंड रश्शातले शेवयांचे जेवणही तसेच घरोघर. अपाने आम्हाला वाढताना आपणहून सांगितले, “भांडे वेगळे आहे, मांस गाईचे आहे, कझाक खाटकाकडून आणलेय.” ऐंशी वर्षांच्या शेजाराने तिला हलाल काय ते शिकवून ठेवले होते. आम्हाला विचारावे लागले नाही.

तिच्या नातवाच्या मुलाचा पहिला वाढदिवसही आम्हाला पाहायला मिळाला. त्याला ते आस्यांदी म्हणतात. मुलासमोर मेजावर तांदूळ, दोरा, पुस्तक, कात्री, पैसे ठेवतात. ते जे आधी उचलेल त्यावरून पुढचे भविष्य. पोराने दोरा उचलला, म्हणजे आयुष्य लांब. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कझाक शेजाऱ्यांनी हात वर करून दुवा केली. बोलणे सगळे रशियनमध्ये चालले होते.

5 एप्रिल हा त्यांचा कबरींवर जाण्याचा दिवस. 2024 साली तो रमजानचा शेवटचा जुम्मा होता. आम्ही रोजाने होतो, तरी अपाबरोबर तिच्या कब्रस्तानात गेलो. कुटुंबे येत, गवत उपटत, दगड पुसत, अन्न मांडत, वाकून सलाम करत आणि मग तिथेच जेवत. अपाने आमच्या वाटणीचे डब्यात भरून दिले, “सूर्य मावळल्यावर खा.” कबरींवरची नावे रशियन लिपीत, काही जुन्या दगडांवर कोरियन अक्षरे. ती अक्षरे तिच्या नातवाला वाचता येत नव्हती. तो आता सोलच्या कंपनीत नोकरीला जायचे म्हणून कोरियन शिकतोय, परकी भाषा शिकावी तशी, वर्गात बसून.

सोलची माणसे आता अल्माटीत खूप येतात. व्यापार आहे, कोरियन भाषेचे वर्ग आहेत. पण त्यांना अपाची बोली हसू येण्याजोगी जुनी वाटते. ती कोरियाच्या उत्तर टोकाची, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची. ही माणसे स्वतःला कोर्यो-सारम म्हणतात. सोलचा माणूस त्यांना विचारतो, तुम्ही खरे कोरियन ना, मग कोरियन का येत नाही? रशियन माणूस विचारतो, तुम्ही इतके छान रशियन कसे बोलता? हा दुसरा प्रश्न ऐकून आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो. “तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!” हे कौतुक ऐकत आमची हयात गेली. आणि आमच्यातलेच काही विचारतात, मुसलमान असून उर्दू का येत नाही? आमच्या मुलीच्या मैत्रिणी तर गावाकडे बसून कोरियन मालिका पाहतात आणि त्यांतले शब्द घोकतात. ते शब्द अपाच्या नातवाला त्यांच्याइतकेच नवे.

निकोलाय शिन या उझबेकिस्तानातल्या कोरियन चित्रकाराने या हद्दपारीवर ‘रिक्विएम’ नावाचे 44 मीटर लांबीचे चित्र वर्षानुवर्षे खपून काढले. 1997 साली ते सोलला दाखवले गेले. आम्ही ते छापील पानावर पाहिले, घडी उलगडत उलगडत. माणसांचे चेहरे त्यात नीटसे दिसत नाहीत, नुसत्या आकृत्या, रांगेत. जी गोष्ट पन्नास वर्षे उघड बोलता आली नाही, ती त्याने रंगवून ठेवली. 1990 नंतर तोंडे उघडली, तेव्हा चित्र तयार होते.

आमच्याकडे काही घरांत नाटक-गाणे अजूनही वर्ज्य मानतात. त्यांच्याशी वाद घालण्याची ही जागा नाही. पण जेजुरीचा सगनभाऊ लावणी गात होता, बार्शीचे अमर शेख डफ घेऊन संयुक्त महाराष्ट्रासाठी मैदाने गाजवत होते, हेही आपलेच. आमची भाषा अजून घरात आहे, अंगणात आहे, भांडणात आहे. आम्हाला हेडफोन लागत नाहीत. पण आमच्या घरांतली सुखदुःखे, आमच्या मोहल्ल्याची बोली, आमच्या म्हाताऱ्यांचे विनोद मराठी रंगमंचावर किती वेळा ऐकू येतात? तेथे मुसलमान बहुधा इतरांनी लिहिलेला असतो आणि तो हिंदी मिसळून बोलतो. असे मराठी बोलणारा मुसलमान आम्ही तरी आमच्या गावात पाहिलेला नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री अपाने विचारले, “तुमच्या लोकांचे नाटक आहे का तिकडे?” मुलीने प्रश्न मराठीत सांगितला. आम्ही म्हणालो, नाटक पुष्कळ आहे, आमचे म्हणावे असे थोडे आहे. ती थोडा वेळ विचार करत राहिली आणि म्हणाली, “मग लिहा की. आम्हाला तर मालगाडीतून नेले, तरी आम्ही पडदे बरोबर घेतले होते.”