आजी, बुरशी आणि भज्यांचं तेल

आधीच सांगून टाकते, माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांच्या भरवशावर!

मी सदाशिव पेठेत आजीकडे राहते. खाली काकूंची मेस. संध्याकाळी भज्यांचा घाणा पडला की अख्खा जिना खमंग! मिनी प्रोजेक्टला बायोडिझेल घेतलं आणि काकूंकडून तळणीचं उरलेलं तेल मागून आणलं. पुस्तकात सगळं सोप्पं असतं. तेल, मिथेनॉल, थोडा कॉस्टिक सोडा, साठेक अंश तापमान. वर बायोडिझेल, खाली ग्लिसरीन. माझ्या फ्लास्कमध्ये मात्र पिवळट लगदा. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात मोकळी फॅटी अॅसिड्स वाढतात आणि सोडा त्यांचा साबण करतो.

आजी म्हणाली, "एवढं शिकून शेवटी साबणच केलास ना गं?"

मग सरांनी लायपेज सुचवलं. तेल पचवायला बुरशी जे एन्झाइम बाहेर सोडते, ते. थर्मोमायसेस नावाच्या बुरशीचं लायपेज १९८८ पासून कपड्यांच्या पावडरीत आहे (म्हणजे आजी अगदीच चुकली नव्हती!). याला मोकळी अॅसिड्स चालतात, उलट त्यांचंही बायोडिझेल होतं, तेही कोमट तापमानाला. पण नखरे फार. मिथेनॉल एकदम ओतलं की एन्झाइम निकामी. ते तीन हप्त्यांत घालायचं, हे जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं. आपल्या फीसारखंच! शिवाय ते महाग, म्हणून कारखान्यात मण्यांवर बसवून परत परत वापरतात.

दुसरी वाट पुण्यातच सापडली. पाषाणला एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. त्यातलं ३५८९ नंबरचं यीस्ट, म्हणजे बुरशीचंच भावंडं, मुंबईजवळच्या तेलकट समुद्रातून आलेलं. पुणे विद्यापीठातल्या मंडळींनी त्याला चक्क तळणीचं टाकाऊ तेल खाऊ घातलं आणि त्याच्या अंगात साठणारी चरबी बायोडिझेलला चालेल का, ते २०१२ मध्ये तपासलं.

लॅबमधल्या लायपेजने दोन दिवसांनी माझ्या बाटलीत दोन स्वच्छ थर आले. धावत काकूंकडे गेले, अजून तेल हवं म्हणून.

"अगं, ते वडेवाला नेतो दर शनिवारी. रोख पैसे देतो."

तेलात पोलर कंपाउंड्स २५ टक्क्यांवर गेली की ते खाण्यात वापरायचं नाही, असा २०१८ पासून नियम आहे. आणि त्या गाडीवर मी शुक्रवार सोडून रोज खाते, होस्टेलकरांनो, तुम्हीही असता तिथे!

काकूंना नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "बरं, मग तू किती देतेस?"

मिथेनॉल, एन्झाइम, वीज धरून रात्री हिशोब मांडला. वडेवाल्याचा भाव अजून माझ्यापेक्षा जास्त आहे.