स्पिरिट न लावता घेतलेलं रक्त

घाटंजी

चि. सोनू,


न्यू जर्सीच्या लायसन्सच्या पुस्तकात दारूवर एवढं मोठं प्रकरण कशाला, आणि आपल्याकडे असा कायदा आहे का, असं तू फोनवर विचारलंस. मी "आहे ना" एवढंच म्हटलं, कारण तुझे बाबा मध्येच बोलत होते. पण प्रश्न डोक्यातून जाईना. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली, आणि या कायद्यातला पुरावा आम्हा सिस्टरांच्या हातातल्या सुईतून जायचा. म्हणून लिहायला बसले. थोडं तुझ्यासाठी, थोडं माझ्यासाठी.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की गुन्हा. तुमच्याकडे ती हद्द ०.०८ टक्के, म्हणजे ८० मिलिग्रॅम. कागदावर आपण तुमच्यापेक्षा कितीतरी कडक आहोत! दंड मात्र वर्षानुवर्षं दोन हजारच होता. २०१९ च्या दुरुस्तीत पहिल्या गुन्ह्याला दहा हजार किंवा सहा महिने कैद, किंवा दोन्ही, असं झालं.

आता एका रात्रीची गोष्ट. ९४ साल असेल किंवा ९५. तुझ्या बाबांचं लग्न व्हायचं होतं एवढं नक्की. लग्नसराई होती. यवतमाळ रोडवर काळीपिवळी उलटली होती. आत माणसं कोंबलेली, टपावरही बसलेली. एक कोलाम म्हातारी दवाखान्यात येईपर्यंत गेलीच होती. तिच्या लुगड्याच्या ओच्यात मोहफुलं होती, ती स्ट्रेचरवर सांडली. ड्रायव्हर पोरगा वीस-बावीसचा, खरचटण्यापलीकडे काही नाही. तोंडाला वास. शिपाई म्हणाला, रक्त घ्या. मी सवयीने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला, तर डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, स्पिरिट नको. स्पिरिट म्हणजेही अल्कोहोलच. कोर्टात वकील म्हणेल, तुमच्या कापसातलंच नमुन्यात उतरलं." मग मी साबणपाण्याने त्याचा दंड धुतला. दंडावर 'आई' गोंदलेलं होतं. ती अक्षरं मी धूत राहिले, आणि तो पोरगा रडत होता. बाटलीत फ्लोराइडची पूड, वर बूच, त्यावर लाख. ती लाख वितळताना जो वास यायचा ना, तो अजून माझ्या नाकात आहे. त्या म्हातारीचं नाव मात्र कितीही आठवलं तरी आठवत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आम्हाला रक्त मिळालं तेव्हा अपघाताला चार तास झाले होते. रक्तातली दारू तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. म्हणजे चाकामागे ९० असेल, तर दवाखान्याच्या टेबलावर ३० च उरते. घाटंजीसारख्या ठिकाणी गाडी मिळायला, पोलीस यायला, पंचनामा व्हायला वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात गुन्हा आपोआप विरघळतो. मग सर्टिफिकेटवर यायचं, "दारू प्राशन केली आहे, परंतु अंमलाखाली नाही." हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं आहे की त्याची चीड येते. बळी गेला तरी तेव्हा दंड संहितेचं कलम ३०४-अ लागायचं, शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. त्या केसचं पुढे काय झालं ते आमच्या कानावर आलंच नाही.

शहरात तरी काय वेगळं? १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरात पोर्शने दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. चालवणारा सतरा वर्षांचा. त्याला आधी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, आणि मग ससूनमध्ये त्याचं रक्त बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. तो पेपर वाचला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आपल्या भागात लोक लढले, पण बाटलीशी. शेजारचा वर्धा जिल्हा गांधीजींमुळे दारूबंदीचा. चंद्रपूर २०१५ ते २०२१ बंद होतं, तेव्हा तिकडचे पिणारे वणीला यायचे आणि पिऊन गाडीवरच परतायचे. गावागावांत बायकांनी सह्या गोळा करून मतदान घडवलं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली की दुकान बंद. रोजी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या त्या बायांचा मला अभिमान आहे. पण दुकान बंद झालं तरी गाडीची किल्ली पिणाऱ्याच्याच खिशात राहिली. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही रे.

तुझ्या न्यू जर्सीत नेमकं तेच पाहतात. तू अजून एकवीसचा नाहीस, म्हणून तुला ०.०१ सुद्धा चालत नाही. चाचणीच्या यंत्रात फुंकायला नकार दिला तर तो वेगळा गुन्हा. दंड भरून सुटका नाही. वर तीन वर्षं दरसाल हजार डॉलरचा अधिभार. आणि तू विद्यार्थी व्हिसावर आहेस. नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो, कोर्टाने दोषी ठरवण्याची वाट पाहत नाहीत. तुझ्या शिक्षणासाठी दादाने, म्हणजे तुझ्या बाबांनी, वावर गहाण टाकलं आहे, हे तुला माहीत आहे. तो बोलून दाखवणार नाही, म्हणून मी दाखवते.

मी तुला पिऊ नको म्हणत नाही. आपल्याकडे देवाला मोहाची धार देणारे लोक आहेत, मी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. तूही तिकडच्या मित्रांसमोर ठेवू नकोस. पण पार्टीला जाताना गाडी घरीच ठेव. दुसऱ्याने प्यायली असेल तर त्याच्या गाडीत बसू नकोस, तो कितीही जवळचा असो. रात्रीचे दोन वाजले तरी टॅक्सी कर, पैसे माझ्या पेन्शनमधून घे.

दिवाळीत तुझ्या मित्राची आई तिकडे येते आहे, तिच्याबरोबर सरगुंड्या आणि तिखट पाठवते. तिखट जपून वापर, यंदाची मिरची जहाल आहे. परीक्षा कशी गेली ते कळव, आणि पत्र मराठीतच लिही. तुझं र्‍हस्व-दीर्घ चुकलं तर मी दुरुस्त करीन, पण मोबाईलवर ते इंग्रजी अक्षरांतलं मराठी पाठवू नकोस, मला वाचवत नाही.

तुझी
आत्या