कपाटातलं पाणी

बंदूक दुरुस्तीला येते तेव्हा मालक घोड्याची किंवा चापाची तक्रार सांगतो. मी ती रिकामी असल्याची खात्री करतो आणि आधी दस्ता सोडवतो. लाकूड आणि पोलाद एकमेकांना चिकटून बसतात तिथे ती बंदूक घरात कशी राहिली ते कळतं. वरून नळी तेलाने चकचकीत असते आणि लाकडाखाली तांबूस, खरबरीत थर धरलेला असतो. मालकाला आश्चर्य वाटतं. कपाट चांगलं जाड पत्र्याचं, दार घट्ट बसणारं, मग गंज आला कुठून?

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका पुष्कळ घरांत आहेत. कुठे आजोबांची ठासणीची, कुठे बारा बोअरची एकनळी. रानडुकरं आणि माकडं यांच्यापायी ती बाळगायची आणि कायद्याप्रमाणे कुलूपबंद ठेवायची. कुलूप माणसाला अडवतं, हवेला नाही. जिथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे कपाट बंद केलं म्हणजे बंदूक सुरक्षित झाली, ही समजूत फार महागात पडते. गंज रोखायचा तर पाणी नेमकं कुठे लपलंय ते शोधायला हवं, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

हिशेबच करून पाहू. पावसाळ्यात 28 अंश तापमानाला आणि 85 टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत सुमारे 23 ग्रॅम वाफ असते. बंदुकीचं कपाट साधारण 300 लिटरचं धरलं, तर आतल्या सगळ्या हवेत पाणी जेमतेम सात ग्रॅम. दोन चमचेही नाही. आता दस्त्याकडे बघा. असल्या हवेत लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे 18 टक्के पाणी धरून ठेवतं. हवा 50 टक्क्यांवर आली की ते नऊ टक्क्यांच्या आसपास उतरतं. म्हणजे किलोभराच्या दस्त्यातच सुमारे 90 ग्रॅम जादा पाणी, आतल्या हवेच्या बारापट, आणि तेही थेट पोलादाला टेकलेलं. कपाटाला आतून मखमल किंवा फोम लावलेला असेल, तर तोही या हिशेबात धरा.

म्हणून बंदूक खोळीसकट कपाटात ठेवू नये. कातडी खोळ तर मुळीच नको. कातडं कमावताना वापरलेल्या क्षारांचा आणि आम्लाचा अंश त्यात राहतो, वर ते ओल धरतं. रस्त्याने नेताना खोळ, घरात मोकळी बंदूक. नळीचं तोंड खाली ठेवलं तर तेल ओघळून दस्त्यात मुरत नाही.

कपाट कुठे उभं आहे तेही पाहावं लागतं. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते. तिला टेकलेल्या कपाटाची मागची बाजू थंड राहते आणि आतली वाफ तिथे जमते. जमिनीतूनही ओल चढते. भिंतीपासून वीतभर जागा सोडावी, खाली लाकडी ठोकळे द्यावेत. एवढं केलं तरी हवा येत-जात राहतेच. दुपारी पत्रा तापला की आतली हवा फुगून फटींतून बाहेर पडते, रात्री गार झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते.

समुद्राजवळ यात मिठाची भर पडते. आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ पोलादावर गंज फार सावकाश चढतो. पोलादावर मिठाचे कण बसलेले असले की हे गणित मोडतं. साधं मीठ 75 टक्क्यांना हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याच्या कितीतरी आधी ओले होतात. घामातही मीठच असतं. बोटांचे ठसे काही दिवसांत नळीवर तांबडे होऊन उमटतात ते त्यामुळे. बंदूक हाताळली की ठेवण्यापूर्वी तेलाच्या चिंधीने पुसायचीच.

हेच मीठ आमच्या कामाचंही आहे. आर्द्रता मोजणारा स्वस्तातला हायग्रोमीटर खरं सांगतो का, ते त्याच्यावरून तपासता येतं. वाटीभर मीठ जरासं पाणी घालून चिखलासारखं करावं, हायग्रोमीटरसोबत झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवावं. काटा 75 दाखवायला हवा. जितका फरक पडेल तितका पुढच्या प्रत्येक नोंदीत धरावा.

ठासणीच्या बंदुकीत पाणी ओढणारा आणखी एक धनी असतो, काळ्या दारूची काजळी. तिच्यातले पोटॅशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि एका रात्रीत नळी खायला लागतात. तेल त्यांना विरघळवत नाही, फक्त झाकून ठेवतं. त्यांना धुऊन काढतं ते पाणीच. म्हणून बार काढल्यावर नळी कढत पाण्याने धुवावी. पाणी कढत असलं की पोलाद तापतं आणि स्वतःच्या उष्णतेने वाळतं. मग कोरड्या चिंध्या गजाने फिरवाव्यात, चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत, आणि त्यानंतर तेल.

कपाट कोरडं ठेवायचे मार्ग दोन. पहिला उष्णतेचा. तळाशी कमी वॅटची, कपाटासाठीच बनवलेली तापक कांडी बसवायची. 27 अंशांची 85 टक्के दमट हवा 32 अंशांवर नेली की आर्द्रता 64 टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच राहतं, फक्त पोलादावर बसत नाही. काडतुसं मात्र या कपाटात नकोत, त्यांना वेगळी कुलूपबंद जागा द्यावी. आणि वीज गेली की ही सोय संपते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि समोर अख्खा पावसाळा होता.

दुसरा मार्ग सिलिका जेलचा. 50 टक्क्यांच्या आसपासच्या हवेत ते आपल्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी घेतं. औषधाच्या बाटलीतली पुडी म्हणूनच इथे निरुपयोगी. दस्त्याचा हिशेब आठवला तर निदान अर्धा किलो लागेल. नारिंगी दाणे हिरवे झाले की 110-120 अंशांच्या ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. पाणी शोषून तळाशी द्रव साठवणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपड्यांच्या कपाटात चालतील, बंदुकीजवळ कधीच नाही. तो द्रव सांडला तर क्लोराइडच पोलादावर जाईल. काटा 50च्या आसपास राहिला की पुरे. फार कोरड्या हवेत दस्त्याला चिरा पडतात.

नळीचा काळा-निळा रंग तिला राखतो, असं अनेकांना वाटतं. जुन्या पद्धतीत हा रंग गंजापासूनच घडवतात. नळीला रसायन लावून ती दमट पेटीत ठेवायची, मुद्दाम बारीक गंज चढू द्यायचा, मग उकळत्या पाण्यात घालायची. लाल गंज काळा होतो. सुटा थर घासून काढायचा आणि हेच पुन्हापुन्हा करायचं. हा काळा थर सच्छिद्र असतो. तो पाण्याला फारसं अडवत नाही, पण तेल छान धरतो. तेल मात्र खोबरेल नको. ते कालांतराने खवट आणि चिकट होतं, त्यातलं आम्ल धातूला लागतं. शिलाई मशीनचं तेल त्याहून कितीतरी बरं. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची असेल तर ती दीर्घकाळ हाताबाहेर राहणार असं धरून जाड ग्रीस लावावं, आणि परत आल्यावर बार भरण्याआधी नळीतलं ग्रीस पूर्ण पुसावं. नळी तुंबलेली असताना बार उडवला तर ती फुटते.

या सगळ्यात मी इतका जीव घालतो, कारण गंज फक्त रूप बिघडवत नाही. वरचा तांबूस थर निघतो, पण त्याने पाडलेले खड्डे भरून येत नाहीत. घासून ते नाहीसे करायचे तर नळीची भिंतच पातळ होते. काडतूस बसतं त्या जागी असे खोल खड्डे असतील, तर ती बंदूक मी वापरायला परत देत नाही, मग ती घरातली किती का जुनी आठवण असेना. बार उडतो तेव्हा त्या पोलादापासून माणसाचा गाल आणि डावा हात वीतभरसुद्धा लांब नसतात. म्हणून मृग निघण्याआधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा बंदूक कारागिराकडे न्या, दस्ता सोडवायला सांगा आणि खालचं पोलाद स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मधल्या महिन्यांत दर आठवड्याला काटा वाचा. 60च्या वर गेला की पाणी कुठून येतंय ते त्याच दिवशी शोधा.