वाईच्या घाटावरील सकाळ

गेल्या माघांत मी आठ दिवस वाईस जाऊन राहिलों. क्षेत्रदर्शन हें निमित्त. खरें कारण सांगण्यास थोडा संकोच वाटतो. पस्तीस वर्षें शाळेच्या घंटेबरोबर उठणारा-बसणारा मी, सेवानिवृत्तीनंतर दोनच वर्षांत पत्नी निवर्तल्यावर इतका विस्कळीत झालों कीं, स्नानास अकरा वाजत आणि घरांतील सर्व पानें माझ्यासाठीं खोळंबत. सूनबाई कधीं अक्षरही बोलली नाहीं. परंतु एके दिवशीं नातवानें विचारलें, "आजोबा, तुम्ही शाळेंत पण उशिराच जात होतां का?" दुसऱ्याच दिवशीं मीं वाईची गाडी धरली. तेथें माझी थोरली बहीण राहते.

पुण्याहून खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूरपाशीं वळलें कीं वाई फार दूर नाहीं. ढोल्या गणपतीचें देऊळ १७६२ सालीं गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं बांधविलें. लोक दर्शन घेऊन समोरूनच परततात. मी मात्र मागील भिंतीपाशीं रेंगाळलों. ती सपाट नाहीं, माशाच्या आकारासारखी निमुळती आहे. कृष्णेच्या पुराचें पाणी तिच्यावर दुभंगून दोहों अंगांनीं निघून जावें, अशी ती योजना. पूर अडविण्याचा आव ती भिंत आणीत नाहीं.

आक्काचें वय अठ्ठ्याहत्तर. पहांटे साडेचारास उठणें, अंगणांत सडा, रांगोळी, मग तांब्याची लहानशी कळशी घेऊन घाट. वर धोमचें धरण झालें, घरांत नळ आला. नदीचें पाणी आतां पिण्याजोगें नाहीं, हें तिलाही कळतें. तुळशीपुरतें तेवढें ती आणते. (त्या पाण्याच्या दशेविषयीं चार कठोर शब्द लिहावेसे वाटतात, परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) उतरतांना डावा हात कोणत्या दगडावर टेकावयाचा, हेंही ठरलेलें. त्याच वेळीं येणारीं पांचसात माणसें तेथें भेटतात. बोलणें फारसें होत नाहीं. पण कोणी दिसलें नाहीं तर दुपारच्या आंत कोणीतरी त्याच्या घरीं डोकावतो. गेल्या पावसाळ्यांत एकटे राहणारे एक गृहस्थ न्हाणीघरांत पाय घसरून पडलेले असे सांपडले आणि वांचले.

संस्कृताच्या अभ्यासामुळें नित्यकर्मावरील वचनांचा माझ्यापाशीं तोटा नव्हता. उपयोगी मात्र एकही पडलें नव्हतें. तिसऱ्या दिवशीं मीं विचारलें, "आक्का, रोज तेंच तें करून तुला कंटाळा येत नाहीं?"

"येतो कीं!" ती पायरीवर टेकत म्हणाली. "पण हे गेले त्या वर्षीं, उठून काय करायचें, हें रोज सकाळीं ठरवीत बसलें असतें, तर मी उठलेंच नसतें रे."

मी कळशी उचलून घेतली.

त्या सायंकाळीं मराठी विश्वकोशाच्या कार्यालयावरून गेलों. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं पहिला खंड १९७६ सालीं निघाला. विसावा पुरा होण्यास पुढें जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. शास्त्रीबोवा १९९४ सालींच गेले होते. नोंदी तपासणारे मात्र दुसऱ्या दिवशीं टेबलाशीं येऊन बसले असतील.

पुण्यास परतल्यावर सकाळीं सहास मीं स्वतः चहाचें आधण ठेवलें. साखर कोठें असते, हें इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतें. सूनबाई दारांत येऊन उभी राहिली. कांहीं बोलली नाहीं. डबा तेवढा माझ्या हाताशीं सरकवून ती देवपूजेचीं उपकरणीं घांसावयास गेली.