बंदीचा रस्ता

‘‘ताई, पळायला येशील माझ्याबरोबर?’’ धाकट्या बहिणीनं विचारलं तेव्हा मी डिंकाचे लाडू डब्यात भरत होते. मी चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. तीन महिन्यांची बाळंतीण आणि पळायला?

बहीण अमेरिकेत, फिलाडेल्फियाला असते. बाळंतपणाला तिच्या सासूबाई येऊन गेल्या होत्या. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागताच ह्यांच्या नि चिरंजीवांच्या जेवणाची सोय लावून मी सहा आठवड्यांसाठी तिकडे गेले. पाहते तो काय, बाळ गुटगुटीत, मेहुणे समजूतदार, घरात कशाला काही कमी नाही. पण ही दुपारपर्यंत केस न विंचरता खिडकीशी बसलेली. बोलता बोलता डोळे भरून यायचे. ‘‘रडू नये गं, दूध आटतं,’’ असं मी आपलं शिकवल्याप्रमाणे म्हणायची. तिच्या डॉक्टरीणबाईंचे उपचार चालू होते. आता मोकळ्या हवेत चालायला, जमेल तसं हळूहळू पळायलाही त्यांनी परवानगी दिली होती. लग्नानंतर ती नेहमी पळायची म्हणे, पण एकटीनं जायचा धीर होत नव्हता. म्हणून मला गळ.

मी शेवटची पळाले ती शाळेत, लंगडीच्या सामन्यात! पण तिचा चेहरा पाहून ‘नाही’ म्हणवेना. सलवार-कमीज, तिचेच जुने बूट, आणि निघाले.

शहराच्या वायव्येला विसाहिकन नावाचा ओढा आहे. ओढा म्हणायचा, पण आपल्याकडच्या लहान नदीएवढा. दोन्ही बाजूंना उंच डोंगरउतार आणि दाट झाडी. त्याच्या काठाकाठानं आठेक किलोमीटरचा, बारीक खडीचा, जवळजवळ सपाट रस्ता जातो. त्याचं नाव ऐकून मला हसू आलं. ‘फॉरबिडन ड्राइव्ह’, म्हणजे बंदीचा रस्ता! बंदी माणसांना नव्हे, मोटारींना. १९२० च्या दशकापासून इथे मोटारी बंद आहेत. त्यामुळे आजोबा, बाबागाड्या, कुत्री, सायकली, कधी एखादा घोडा, सगळे निर्धास्त.

पहिल्या दिवशी शंभर पावलं पळून मी धापा टाकत थांबले. बहिणीनं युक्ती सांगितली, शंभर पावलं पळायचं, शंभर चालायचं. पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. बोलता येईना की समजावं, वेग जास्त झाला. ही युक्ती मला फार आवडली, कारण बोलणं मला केव्हाही जमतं.

मे महिना. झाडांना कोवळी पालवी, ऊन गाळून खाली येणारं. गोट्यांवरून पाण्याचा खळखळाट इतका, की पलीकडच्या शहराची आठवणही होऊ नये. कडेच्या खडकांत अभ्रकाचे कण चमचमतात. या शहरातली कितीतरी जुनी घरं याच दगडाची आहेत. एकदा पाण्यात एक मोठा निळसर बगळा ध्यान लावून उभा होता. आम्ही दोघी धापा टाकत गेलो तरी ढळला नाही!

हे रान मुळातच असं शांत राहिलं असेल असं मला वाटलं होतं. पण एकेकाळी या पाण्यावर एकामागून एक गिरण्या चालत. याला मिळणाऱ्या एका ओहोळावर १६९० मध्ये इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींतली पहिली कागद-गिरणी निघाली. पुढे शहराच्या पिण्याचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून १८६० च्या दशकाअखेरीपासून हे खोरं बागेसाठी ताब्यात घेतलं, गिरण्या पाडल्या, आणि रानानं पुन्हा जागा धरली. वाटलं, जमीनसुद्धा थकते. तिला जरा मोकळं सोडलं की तीही सावरते.

वाटेत ‘व्हॅली ग्रीन’ नावाची जुनी खानावळ लागते. समोर बदकांचा गोतावळा. तिथून दोनेक किलोमीटरवर लाकडी छपराचा लाल पूल आहे. तसा पूल या शहरात आता तेवढा एकच उरला आहे. ‘एका दमात पुलापर्यंत’ हा आमचा पण.

चौथ्या आठवड्यात तो जमला. पुलावर कठड्याला टेकून आम्ही श्वास घेत होतो. खाली पाणी वाहत होतं. एकाएकी बहीण म्हणाली, ‘‘ताई, बाळ रडायला लागलं ना, की मला वाटायचं, कुठेतरी पळून जावं. आई असून असं वाटतं, कुणाला सांगणार?’’

माझ्या तोंडाशी आलं होतं, ‘असं बोलू नये.’ पण ते गिळलं. म्हटलं, ‘‘मलाही वाटलं होतं गं. चिरंजीव दोन महिन्यांचे असताना. आज पहिल्यांदा बोलतेय.’’

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग रडली. या खेपेला मी दुधाचं काही बोलले नाही. परतताना आम्ही पळालो नाही, हातात हात घालून चाललो.

उपचार पुढेही चालू होते, एका ओढ्यानं सगळं धुऊन नेलं असं मी म्हणणार नाही. पण रविवारी मेहुणे बाबागाडी घेऊन बरोबर आले, तेव्हा ती केस नीट बांधून सगळ्यांच्या आधी दारात उभी होती.

कुणी तिकडे गेलात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पायवाट सोडून झुडपात शिरू नका. तिथे तीन-तीन पानांची एक वेल असते, तिनं अंगावर खाजरे फोड येतात. आणि घरी आल्यावर मोज्यांत, गुडघ्यामागे गोचीड नाही ना, हे पाहा.

मी परत येऊन आता वर्ष होईल. घंटा होण्यापूर्वी शाळेच्या मैदानाला चार फेऱ्या मारते, शंभर पावलं पळत, शंभर चालत. पोरं हसतात, हसू देत. आणि घरात नवी बाळंतीण असली की लाडवांचा डबा घेऊन जाते खरी, पण आधी तिच्याजवळ बसते आणि विचारते, ‘‘बाळ कसं आहे ते दिसतंय. तू कशी आहेस?’’