रात्रीं किती वाजेपर्यंत?

‘पब’ हें नांव या पानांवर पाहतांच आमच्या वाचकवर्गांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडतील, आणि त्या पडणें स्वाभाविकच आहे. मद्य व मद्यालय यांविषयीं आमचें जें मत बाळपणीं होतें तेंच आजही आहे. मनूनें सुरापानाची गणना महापातकांत केली, ती आम्हांस कधींही अतिशयोक्तीची वाटली नाहीं. तथापि २०२३ सालीं चिरंजीवांकडे इंग्लंडांत चार महिने राहण्याचा योग आला असतां, तेथील एका खेड्यांतील पबच्या अर्जावरून जो प्रकार आमच्या डोळ्यांदेखत घडला, तो गृहस्थाश्रमी वाचकांस ऐकण्यासारखा वाटल्यावरून येथें देत आहों.

चिरंजीवांचें खेडें इंग्लंडच्या मध्यभागीं आहे. दोनशेंच्या आंतबाहेर उंबरठा, एक जुनें दगडी चर्च, एक प्राथमिक शाळा व एक पब. ‘पब’ म्हणजे ‘पब्लिक हाउस’, सार्वजनिक घर. आपल्याकडे गुत्ता म्हटल्यानें जें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें, त्याशीं याचा मेळ बसत नाहीं. गांवांतलें वाण्याचें दुकान पूर्वींच बंद पडलें होतें. त्यामुळें पोस्टाचीं तिकिटें व सकाळचें दूध याच पबांत मिळे. बुधवारीं दुपारीं एकट्यानें राहणाऱ्या वृद्ध स्त्रीपुरुषांस तेथें अल्प दरांत जेवण देत. मालक पन्नाशीचा, देहानें स्थूल, बोलण्यांत नम्र. चिरंजीवांचें घर या पबच्या मागील बागेस लागूनच होतें. मध्यें एक लांकडी कुंपण काय तें.

एप्रिल महिन्यांत एके दिवशीं सकाळीं फिरावयास निघालों असतां पबच्या दाराशेजारीं फिकट निळ्या रंगाचा एक कागद लावलेला दिसला. हाडाचे मास्तर असल्यामुळें भिंतीवरील मजकूर वाचल्याखेरीज आमच्यानें पुढें जाववत नाहीं. रात्रीं अकरा वाजतां बंद होणारा हा पब शुक्रवारीं व शनिवारीं रात्रीं एक वाजेपर्यंत उघडा ठेवण्याची व तोंपर्यंत वाद्यें वाजविण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज कौन्सिलाकडे केला असून, कोणास कांहीं म्हणावयाचें असेल तर त्यानें अमुक तारखेच्या आंत लेखी कळवावें, असा त्यांत मजकूर होता. कागद निळाच कां, म्हणून सूनबाईस विचारलें. तेव्हां तो रंगही कायद्यांतच सांगितला आहे असें समजलें. कागद फिकट निळा, अक्षरें काळीं व सुवाच्य, आणि सलग २८ दिवस तो येणाऱ्याजाणाऱ्यास सहज वाचतां येईल असा लावला पाहिजे. शिवाय स्थानिक वर्तमानपत्रांतही नोटीस दिली पाहिजे. आपल्याकडील सरकारी नोटिसा कचेरीच्या कोणत्या भिंतीवर लागतात व त्यांवर दुसऱ्या किती नोटिसा चिकटलेल्या असतात, हें वाचक जाणतातच.

पब आणि घड्याळ यांचें तेथील वैर जुनें आहे. गुत्त्यास न्यायाधिकाऱ्याचा परवाना लागावा असा कायदा त्या देशांत १५५२ सालींच झाला. परंतु तासांचा खरा आवळ पडला तो पहिल्या महायुद्धांत. १९१४ पूर्वीं लंडनांतील पब पहाटे पांचपासून मध्यरात्रीं साडेबारापर्यंत उघडे असत. युद्ध सुरू झालें आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतले लोक दुसऱ्या दारूपायीं कामास मुकूं लागले, तेव्हां १९१५ सालीं एक नियंत्रक मंडळ नेमण्यांत आलें. ज्या ज्या भागांत त्याचा अंमल चालला, तेथें दुपारीं बारा ते अडीच व सायंकाळीं साडेसहा ते साडेनऊ एवढाच वेळ मद्यविक्रीस उरला. एकानें दुसऱ्यास स्वखर्चानें पाजूं नये, असाही हुकूम निघाला होता! कार्लाइलच्या बाजूस तर १९१६ सालीं सरकारनें स्वतःच पब ताब्यांत घेऊन चालविण्यास आरंभ केला, आणि तो कारभार १९७३ पर्यंत चालला. युद्ध १९१८ सालीं संपलें. दुपारची बंदी मात्र १९८८ पर्यंत टिकली. रविवारची तर आणखी सात वर्षें! पुढें २००३ सालीं नवा कायदा झाला व तो २००५ च्या नोव्हेंबरांत अमलांत आला. सर्वांस एकच वेळ हा दंडक त्यानें काढून टाकला. ज्यानें त्यानें आपल्याला हवी ती वेळ मागावी, शेजाऱ्यांनीं आपलें म्हणणें मांडावें, आणि मॅजिस्ट्रेटाऐवजीं स्थानिक कौन्सिलानें निवाडा करावा. आतां चोवीस तास मद्याचे पाट वाहणार अशी त्या वेळीं मोठी ओरड झाली. प्रत्यक्षांत बहुतेकांनीं तास-दोन तासच काय ते अधिक मागितले.

हें सर्व समजून घेतांना आम्हांस कौटिल्याच्या सुराध्यक्षाचें स्मरण झालें. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत या अधिकाऱ्याचें स्वतंत्र प्रकरण आहे. मद्य पुण्यकारक कीं पापकारक, या वादांत तें प्रकरण शिरतच नाहीं. पानगृहांत निरनिराळ्या खोल्या असाव्या, आसनें, गंधमाल्यें व पाणी असावें, मद्य गांवाबाहेर नेऊं देऊं नये. कारण कामावर नेमलेल्यांच्या हातून प्रमाद घडतो, आर्यांकडून मर्यादेचा अतिक्रम होतो व तापट माणसें अधिकच चेकाळतात, अशी सारी व्यवहारी व्यवस्था. उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळीं मात्र चार दिवसांची मोकळीक! इंग्रजी कायद्यांतही प्रसंगविशेषीं कौन्सिलास सूचना देऊन थोड्या दिवसांपुरती वेळ वाढवून घेतां येते. पाटलीपुत्राच्या मंत्र्याची व या खेड्यांतील पबवाल्याची अशी भेट होईल, असें शिकवीत असतां कधीं मनांत आलें नव्हतें.

असो. घरांत या निळ्या कागदावरून मोठाच विचार पडला. नातवाची शालान्त परीक्षा महिन्यावर आलेली, व त्याची खोली नेमकी बागेकडील. आमच्या कुटुंबानें पहिल्याच दिवशीं निकाल देऊन टाकला कीं, “सरळ विरोध कळवावा. दारूच्या दुकानाला वेळ वाढवून मागतात, आणि आपण गप्प बसायचें?” चिरंजीव मात्र घुटमळत होते. ते म्हणाले, “अण्णा, आम्ही येथें अकरा वर्षें राहत आहों. आम्ही पीत नाहीं हें सर्वांना ठाऊक आहे. स्वतः पीत नाहींत म्हणून दुसऱ्यालाही पिऊं देत नाहींत, असें उद्यां कोणी म्हटलें तर त्याला उत्तर काय द्यावें?” आम्ही म्हणालों कीं, मद्यानें संसार बुडतात एवढें खरें कारण हातीं असतां दुसरें उत्तर कशास हवें? त्यावर सूनबाई शांतपणें म्हणाली, “पण तें कारण तेथें चालतच नाहीं, अण्णा.”

आणि खरोखरच चालत नाहीं. गुन्हे व दंगा होऊं नये, लोकांच्या जिवास धोका नसावा, सार्वजनिक उपद्रव होऊं नये, आणि मुलांस अपाय पोंचूं नये, हीं चारच कारणें तो कायदा ऐकून घेतो. मद्य वाईट आहे, आरोग्यास घातक आहे, हें कितीही सप्रमाण लिहिलें तरी तें केराच्या टोपलींत जावयाचें. स्कॉटलंडांत याच्या जोडीस सार्वजनिक आरोग्याचें पांचवें कारण मानलें आहे, इंग्लंडांत नाहीं. आमच्या मतें हें त्या कायद्याचें व्यंग आहे. ज्या वस्तूसाठीं परवाना द्यावयाचा, तिच्या गुणदोषांचीच चौकशी वर्ज्य! आपल्याकडे गांवांतील दारूचें दुकान राहावें कीं जावें हाच प्रश्न मतास टाकतां येतो, व आपल्या भगिनींनीं आडव्या बाटलीस मतें देऊन अनेक गांवांतून तें घालविलें आहे. तो मार्ग आम्हांस अधिक सरळ वाटतो. वेल्स प्रांतांतही १८८१ सालच्या कायद्यानें रविवारीं पब बंद असत. पुढें जिल्ह्याजिल्ह्यानें मतें घेऊन तो निर्बंध उठत गेला, आणि शेवटचा जिल्हा मोकळा झाला तो १९९६ सालीं.

पण या कायद्याची दुसरी एक बाजू आहे, आणि ती आम्हांस शेजारच्या आजीबाईंमुळें दिसली. त्यांचें वय ८४. निजावयाची खोली पबच्या बागेवर. रात्रीं पब बंद झाल्यावर रिकाम्या बाटल्यांचे पेटारे पिंपांत ओततात, त्या खळखळाटानें त्या दचकून उठत व मग पहाटेपर्यंत डोळ्यास डोळा लागत नसे. असें असून त्या हरकत लिहावयास तयार होईनात. कारण हरकत निनावी चालत नाहीं. लिहिणाऱ्याचें नांव व पत्ता सामान्यतः अर्जदाराकडे जातो. “हिंवाळ्यांत माझ्या दारापुढचें बर्फ तो काढतो, चुलाण्याचीं लांकडें तो आणून देतो,” असें त्या सूनबाईस म्हणाल्या, “त्याच्याविरुद्ध सही करूं?” दुसरीकडे पबवाल्याचीही रड खोटी नव्हती. आठवड्याच्या पांच दिवसांत विजेचाही खर्च निघत नाहीं, शुक्रवार-शनिवारवरच काय तो तगून आहे, असें तो कुंपणावरून चिरंजीवांस सांगत असे. आसपासच्या दोन खेड्यांतील पब बंद पडून त्यांचीं राहतीं घरें झालीं होतीं. २००० सालीं त्या देशांत ६० हजारांहून अधिक पब होते, ते २०२३ पर्यंत ४५ हजारांच्या आसपास उरले. पब गेला असता तर आजीबाईंस झोंप लागली असती, पण बुधवारचें जेवण व बर्फ काढणारा शेजारीही गेला असता.

आपल्याकडील रात्रींचे ध्वनिक्षेपक या ठिकाणीं आठवल्यावांचून राहत नाहींत. रात्रीं दहा ते सकाळीं सहा ते बंद असावेत, असा नियम २००० सालापासून आहे, आणि वर्षांतून फार तर १५ दिवस सण-उत्सवांसाठीं मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा सरकारास आहे. पण मंडप घालणारे आपल्याच आळींतले. त्यांतल्याच कोणीं वडिलांस रात्रीं दवाखान्यांत नेलेलें असतें. तक्रारीखालीं नांव घालावयाचें म्हटलें कीं आपला हात जसा थबकतो, तसाच त्या म्हातारीचाही थबकला.

शेवटीं सूनबाईनें तोड काढली. विरोध करावयाचाच नाहीं; अटी मागावयाच्या. बागेंतील बैठक रात्रीं साडेदहास संपावी, वाद्यें वाजतांना दारें-खिडक्या मिटलेल्या असाव्या, रात्रीं अकरा ते सकाळीं सात या वेळांत बाटल्या ओतूं नयेत, शेवटची वेळ एकऐवजीं बारा असावी, आणि गलबला झालाच तर कोणास कळवावें याचा दूरध्वनि-क्रमांक शेजाऱ्यांस द्यावा. खालीं चिरंजीवांची सही, पूर्ण नांव व पत्ता. आम्हीं एकच भर सुचविली कीं, पत्र टपालांत टाकण्यापूर्वीं तें मालकास स्वतः वाचून दाखवावें. ज्याच्याविरुद्ध लिहावयाचें त्याला तें सरकारी लखोट्यांतून प्रथम कळणें आमच्या मनास पटेना. चिरंजीव गेले, आणि अर्ध्या तासानें परत आले. मालक रागावला होता. पण बाटल्यांची गोष्ट ऐकून तो कांहीं वेळ गप्प राहिला, व ती कोणास त्रासदायक होते हें त्यानें न सांगतां ओळखलें, असें ते म्हणाले.

हरकती आल्यास त्यांची मुदत संपल्यापासून कामाच्या २० दिवसांत सुनावणी सुरू व्हावी लागते. ती कौन्सिलाच्या एका साध्या खोलींत झाली. तीन सभासद, एक कायदेपंडित, एक टिपणें घेणारी बाई. आम्हीही मागच्या खुर्चीवर जाऊन बसलों. पोलिसांची हरकत नव्हती. आवाजाचा उपद्रव पाहणाऱ्या अधिकाऱ्यानें बागेविषयींच शंका घेतली. प्रत्येकास ठराविक मिनिटें. मालकानें आपला जमाखर्च सांगितला, चिरंजीवांनीं आपल्या अटी सांगितल्या. मद्याविषयीं बरें किंवा वाईट असा एकही शब्द त्या दीड तासांत कोणाच्या तोंडून निघाला नाहीं! तिघे सभासद आंतल्या खोलींत जाऊन आले, व शुक्रवारीं-शनिवारीं मध्यरात्रीं बारापर्यंत परवानगी, वरील सर्व अटींसह, असा निर्णय त्यांनीं वाचून दाखविला. न पटल्यास मॅजिस्ट्रेटाकडे दाद मागण्याची सोय दोघांसही होती. कोणींच मागितली नाहीं.

जुलै महिन्यांतल्या पहिल्या शनिवारीं नवी वेळ प्रथमच अमलांत आली. इंग्लंडांत त्या दिवसांत दहा वाजेपर्यंत उजेड रेंगाळतो. आम्ही व आमचें कुटुंब मुद्दाम खिडकीशीं जागत बसलों होतों. साडेदहास बाग रिकामी झाली. बारा वाजतां पबचे दिवे मालवले, बाटल्यांचा आवाज आला नाहीं. परंतु बाहेर पडलेली मंडळी रस्त्यांत उभी राहून एकमेकांचा निरोप घेऊं लागली, आणि तो निरोप कांहीं केल्या संपेना. त्यावर कायद्यांत कलम नाहीं. मालक बाहेर येऊन ओठांवर बोट ठेवून त्यांस हळूहळू पांगवीत होता. आजीबाईंच्या खोलींतील दिवा बारा वाजून वीस मिनिटांनीं मालवला.