होलुंडरचे दोन स्वभाव

होलुंडर या जर्मनीतल्या झुडपाचं फूल धुवायचं नाही. दोन पाण्यांतून काढल्याशिवाय भाजी विळीला न लावणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे हे हाताला पटायला वेळ लागला. पण त्या फुलाचा वास बराचसा पिवळ्या परागात असतो. नळाखाली धरलं की तो मोरीतच गेला. म्हणून मे-जूनमध्ये कोरड्या दिवशी, दव वाळल्यावर गुच्छ खुडायचे, किडे झटकायचे आणि गार केलेल्या साखरपाण्यात लिंबाच्या चकत्यांबरोबर दोन-तीन दिवस बुडवून ठेवायचे. चहासाठीची फुलं मात्र सावलीत वाळवायची.

फळाचं नेमकं उलटं, त्याला आच हवीच. ऑगस्ट-सप्टेंबरात घोस काळेभोर होऊन खाली लोंबतात. कच्च्या फळांत, पानांत, देठांत सांबुनिग्रिन असतं. पोटात त्यातून सायनाइड सुटतं, उलट्या होतात. काट्याने दाणे सोडवायचे, हिरवा दाणा निवडून टाकायचा आणि नीट उकळायचं. शिवाय याची एक बुटकी, विषारी बहीण आहे, आटिश. तिला लाकडी खोड नसतं, घोस आभाळाकडे तोंड करून उभे असतात आणि पान चोळलं की घाण वास येतो. शंका आली की मी हात लावत नाही.

आम्ही जर्मनीत कासेलजवळ राहतो. ग्रिम बंधूंनी 1812 साली छापलेल्या गोष्टीतली फ्राउ होले इथल्या होअर माइस्नर डोंगरावरच्या तळ्यात राहते म्हणतात, आणि होलुंडर तिचं झाड. त्याच्यापुढे टोपी काढावी, असं जुनी माणसं सांगत. 1631 साली मार्टिन ब्लॉखविट्झने या एका झुडपावर अख्खं लॅटिन पुस्तक लिहिलं, जवळजवळ प्रत्येक दुखण्यावर उतारा म्हणून. मला तो उत्साह जरा जास्तच वाटतो. विसाव्या शतकात जर्मनीच्या वनौषधी तज्ज्ञ-समितीने मान्यता दिली ती फुलाला, तीही सर्दीपुरती. तेवढं मला पुरतं: सुकी फुलं उकळत्या पाण्यात झाकून ठेवायची, कढत प्यायचं, पांघरूण घेऊन घाम येऊ द्यायचा.

फळांचं सूप हॅम्बुर्गकडे सफरचंद आणि रव्याचे गोळे घालून करतात. बव्हेरियात फुलांची चक्क भजी तळतात. औषध कुठे संपतं नि जेवण कुठे सुरू होतं, याची तिथे कुणाला फिकीर नसावी.

रानातून घरच्यापुरतं थोडं खुडायला कायद्याची परवानगी आहे. तेवढ्याने वर्षभराचा रस होत नाही. म्हणून शेजारणीच्या कुंपणावरचं झाड मी उतरवते, बदल्यात तिला निम्म्या बाटल्या. निम्म्या म्हणजे किती, यावर मात्र आमचं दरवर्षी वाजतं.